पटकी कोठून आली?



आज मी तुम्हांला एका दूरच्या देशाची हकीकत सांगणार आहे. देशाचे नाव हैती. तो अमेरिकेजवळच्या समुद्रात आहे. २०१० च्या जानेवारीत तिथे मोठा भूकंप झाला. लाखो लोक उघड्यावर आले. मग ऑक्टोबरात पटकीची साथ सुटली. ढाळ-वांत्यांनी माणसे पटापट मरू लागली. पुढच्या काही वर्षांत सुमारे ८ लाख लोक आजारी पडले. जवळजवळ १० हजार दगावले.

नवल असे की, शंभर वर्षांत तिथे पटकीची नोंद नव्हती. मग ती आली कोठून?

काही जाणकार म्हणाले, “पटकीचे जंतू खाडीच्या पाण्यात मुळातच राहतात. तेच वाढले असतील.” दुसरे म्हणाले, “नाही. हे जंतू माणसाने आणले.” कारण नदीच्या वरच्या अंगाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या शिपायांची छावणी होती. शिपाई नेपाळातून आले होते. नेपाळात तेव्हा पटकी होती. छावणीतली घाण ओढ्यात जात होती. ओढा आर्तिबोनीत नदीला मिळत होता. खालची माणसे तेच पाणी पीत होती.

खरे कोणाचे? निवाडा कसा करायचा?

तुम्ही आता अक्षरे शिकलात. म्हणून सांगतो. प्रत्येक जंतूच्या अंगात एक लेख असतो. त्यात अक्षरे चारच. पण पटकीच्या जंतूचा लेख सुमारे ४० लाख अक्षरांचा असतो. एका जंतूचे दोन होतात, तेव्हा या लेखाची नक्कल होते. नक्कल करताना कधी एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या पिढीत तशीच उतरते.

आपल्या वर्गात दोन पाट्यांवर त्याच ठिकाणी त्याच चुका दिसल्या, तर गुरुजी काय ओळखतात? दोन्ही लेख एकाच पाटीवरून उतरले! शास्त्रज्ञांनी असेच केले. हैतीच्या रोग्यांतले जंतू घेतले. नेपाळच्या रोग्यांतले घेतले. लेख ताडून पाहिले. २०११ साली निकाल आला. नेपाळच्या काही जंतूंत आणि हैतीच्या जंतूंत एक-दोन अक्षरांचाच फरक निघाला. म्हणजे जंतू खाडीतले नव्हते. माणसाच्या पोटातून आले होते.

२०१६ साली राष्ट्रसंघाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली.

यात नेपाळी माणसाला नावे ठेवू नका बरे! अंगात जंतू असूनही माणूस धडधाकट दिसतो. त्याला स्वतःलाही कळत नाही. चूक झाली ती घाण पाण्यात सोडण्याची. ती चूक कोणत्याही गावात होऊ शकते. आपल्याही!

म्हणून ध्यानात ठेवा. नदी-ओढ्याकाठी, विहिरीजवळ शौचाला बसू नका. संडासाचे पाणी ओढ्यात सोडू नका. साथीत पाणी चांगले उकळून प्या. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. ढाळ लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. ते घोट घोट पाजत राहा आणि रोग्याला लगेच दवाखान्यात न्या.

पाणी निर्मळ दिसते, म्हणून ते निर्मळ असतेच असे नाही. वरच्या माणसाने सांभाळले, तरच खालचा माणूस जगतो.