कितवा, पण कुठून?

अष्टविनायकांच्या शास्त्रोक्त क्रमात मोरगावचा गणपती पहिला आणि आपल्या शिरूर तालुक्यातला रांजणगावचा महागणपती आठवा. चार वर्षांच्या मुलाला यात दोन पेच पडतात. आठ म्हटलं की आठ वस्तू हव्यात, हे त्याला नुकतं उमगलेलं असतं. आणि आपण एकाच देवाला आठवा म्हणतो. शिवाय आपल्या निमोणे गावाहून निघालं तर रांजणगाव जवळ, मोरगाव लांब. मग जवळचा आठवा कसा?

म्हणून 'पहिला, दुसरा, तिसरा' ही नुसती घोकंपट्टी मला पुरेशी वाटत नाही. पाटावर पाच चिंचोके ओळीनं मांडा आणि म्हणा, "तिसरा दे." पुष्कळ मुलं तीन चिंचोके उचलून हातावर ठेवतात. चिंचोके सगळे सारखे, त्यात तिसरा ओळखू कसा यावा? त्याऐवजी दाराकडून भिंतीकडे चिंचोका, कांदा, बांगडी, शेंग, खडा असं मांडा. विचारा, "दाराकडून दुसरा कोण?" कांदा. "आता भिंतीकडून मोज." तोच कांदा चौथा! मूल थबकतं, पुन्हा एकेका वस्तूवर बोट ठेवतं. या थबकण्याला वेळ द्या, उत्तर पुरवू नका. मधली बांगडी मात्र आधी विचारू नका. ती दोन्हीकडून तिसरीच येते. आणि डावं-उजवं एवढ्यात नको. समोर बसलेल्या अंगणवाडीच्या ताईंचं उजवं ते मुलाचं डावं. दार आणि भिंत दोघांना एकाच जागी दिसतात.

'पाचवा, सहावा' शिकलेलं मूल 'दोनवा' म्हणालं, तर हसू नका. नियम त्यानं स्वतः शोधून काढलाय.

कुठून मोजायचं ते आधी ठरवावं लागतं, हे वारकऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. शेजारच्या दौंड तालुक्यातून यवत, वरवंडमार्गे तुकोबांची पालखी जाते. तिथं दिंडीचा नुसता क्रमांक सांगून भागत नाही. 'रथापुढे' की 'रथामागे' हे जोडूनच सांगावं लागतं.

मुलांना असं मोजायला शिकवण्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. अनुताई वाघ 1910 साली त्याच मोरगावात जन्मल्या. ताराबाई मोडकांबरोबर 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला त्यांनी खडे, शिंपले, बिया अशा परिसरातल्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभं केलं. आपल्या शिवारात काय कमी आहे?

एक गोष्ट मला मनापासून खटकते. 'पहिला' म्हणजे जिंकलेला, हे आपण मुलांना फार लवकर शिकवतो. मग रांगेत चौथं उभं राहिलेलं मूल रडवेलं होतं, आणि रडवेलं मूल मोजत नाही. उद्या खिचडीची रांग लागली की ताईंनी एकदा "मागं फिरा" म्हणावं आणि स्वतः पातेलं घेऊन दुसऱ्या टोकाला जावं. शेवटच्या मुलाला आधी वाढावं, आणि बाकीच्यांनी आपण आता कितवे, ते पुढच्या पाठी मोजून सांगावं.