उद्यांचा रेंजफाइंडर कॅमेरा कसा असावा?



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां मूठभर छांदिष्टांचा वाटेल. फिल्मवर छायाचित्रें घेणारे लोक आतां थोडे उरले आहेत, आणि त्यांतहि रेंजफाइंडर नांवाचा कॅमेरा वापरणारे तर फारच थोडे. परंतु आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं कपाटाच्या वरच्या कप्प्यांत एखादा जुना आल्बम असेल. त्यांतील आजोबांचें, लग्नाच्या पंगतीचें, पहिल्या नातवाच्या बारशाचें चित्र फिल्मवरच उतरलेलें आहे. ज्या साधनानें घराघराची स्मृति राखली, त्याचें पुढें काय व्हावें हा प्रश्न केवळ छांदिष्टांचा नाहीं. उद्यां कोणी कारखानदार नवा रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्याचीं भिंगें घडवावयास बसला, तर त्यानें काय करावें, हें आम्हां फिल्मवाल्यांच्या बाजूनें सांगण्याचा आज माझा विचार आहे.

प्रथम हें यंत्र आहे तरी काय, तें पाहूं. नाकासमोर एक बोट धरून आधीं एक डोळा मिटावा, मग दुसरा मिटावा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखें दिसतें. तें जितकें जवळ, तितकें अधिक सरकतें. दोन डोळ्यांमधील अंतरामुळें हें घडतें. रेंजफाइंडर कॅमेऱ्यासहि असेच दोन डोळे असतात. त्याच्या कपाळावर दोन लहान खिडक्या असतात. एकींतून समोरचा देखावा सरळ दिसतो. दुसरींतून आलेलें प्रतिबिंब वळवून त्याच देखाव्याच्या मध्यभागीं पाडलेलें असतें. भिंगाचें कडें फिरवूं लागलें कीं हें प्रतिबिंब सरकूं लागतें, आणि दोन्ही चित्रें एकमेकांवर तंतोतंत बसलीं कीं भिंग त्या अंतरास जुळलें असें समजावें. यांत विजेचें काम मुळींच नाहीं. सारें काम कांच, तरफ आणि स्क्रू यांचें आहे.

आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेलाच देखावा आरशावरून डोळ्याकडे येतो. तें सोयीचें खरें. परंतु चित्र घेण्याच्या नेमक्या क्षणीं आरसा वर उचलला जातो, डोळ्यासमोर अंधार होतो आणि खटका वाजतो. रेंजफाइंडरमध्यें आरसाच नसल्यामुळें आवाज अल्प होतो, तो क्षण डोळ्याआड जात नाहीं, आणि चौकटीच्या बाहेरून कोण आंत येत आहे तेंहि दिसतें. कोल्हापुरांत राहणाऱ्यास याचें मोल सहज कळेल. तालमींत लाल मातीवर पोरें घुमत आहेत आणि झरोक्यांतून येईल तेवढाच उजेड आहे; किंवा गुऱ्हाळावर काहिलींतून वाफ उसळत आहे आणि गुळव्याचें सारें लक्ष रसाच्या चढत्या फेंसाकडे लागलें आहे. अशा ठिकाणीं झगझगीत दिवा आणि मोठा खटका म्हणजे विघ्नच. तेथें लहान, मुका आणि अंधुक उजेडांतहि नेमका जुळणारा कॅमेरा हवा.

हा कॅमेरा एके काळीं सर्वांत पुढें होता. १९३२ सालीं जर्मनींत लायका-दोन आणि काँटॅक्स हे दोन कॅमेरे निघाले, आणि भिंगास जोडलेला रेंजफाइंडर लहान फिल्मच्या कॅमेऱ्यांत आला. १९५४ सालीं लायकाचा एम-थ्री आला. पाहण्याची आणि जुळविण्याची खिडकी त्यांत एकच झाली. १९५९ सालीं जपानच्या निकॉन कंपनीनें ‘एफ’ हा आरशाचा कॅमेरा बाजारांत आणला, आणि धंदेवाईक छायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले. पुढें जपानच्या कोसिना कंपनीनें बेसा या नांवानें बेताच्या किंमतीचे रेंजफाइंडर कॅमेरे काढले. ते २०१५ सालीं बंद झाले. लायकानें आपला १९८४ सालचा एम-सिक्स २०२२ सालीं पुन्हां सुरू केला, पण अमेरिकेंत त्याची किंमत पांच हजार डॉलरांहून अधिक ठेवण्यांत आली. मध्यमवर्गीय गृहस्थानें तें नांवहि काढूं नये!

म्हणजे आमचा बहुतेक भरंवसा राहिला तो जुन्या कॅमेऱ्यांवर. जुना माल दरवर्षीं कमी होतो, वाढत नाहीं. त्यास दुरुस्त करणारे हातहि थकत चालले आहेत. फिल्मचीहि कथा अशीच. उटी येथें १९६० सालीं हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची ‘इंदु’ फिल्म पुष्कळांनीं वापरली असेल. आज तो कारखाना चालत नाहीं. एखादी कला एका दिवसांत मरत नसते. तिचीं साधनें एकेक करून नाहींशीं होतात, आणि मग एके दिवशीं ती शिकावयास कोणी येत नाहीं. म्हणून नव्या कॅमेऱ्याची मागणी ही चैनीची मागणी नव्हे.

आतां मागण्यांकडे वळूं. पहिली मागणी डोळ्यांची. दोन खिडक्यांमधील अंतर जितकें अधिक आणि देखावा जितका मोठा दिसेल, तितकें जुळविणें अचूक. या दोहोंचा गुणाकार हेंच रेंजफाइंडरचें खरें माप. एम-थ्रीमध्यें खिडक्यांमधील अंतर सुमारें ६९ मिलिमीटर आणि देखावा ०.९१ पट दिसतो. गुणाकार ६२ च्या आसपास येतो. एम-सिक्समध्यें देखावा ०.७२ पट, म्हणून हाच आंकडा ५० वर उतरतो. पहिल्या बेसांत अंतर अवघें ३७ मिलिमीटर आणि देखावा ०.६८ पट, गुणाकार जेमतेम २५. स्वस्ताईची खरी किंमत येथें मोजावी लागते. नव्या कारखानदारानें कातडें, रंग, नक्षी यांत हवी तेवढी काटकसर करावी, पण या आंकड्यांत करूं नये.

डोळ्यांचीच दुसरी गोष्ट. चाळिशी ओलांडलेल्या माणसास चष्मा असतो, आणि फिल्म वापरणारे आम्ही सगळेच कांहीं विशींतले नाहीं. खिडकीला डोळ्याच्या नंबराप्रमाणें फिरवितां येईल असें कडें असावें, आणि चष्म्यासकट चौकटीचे चारी कोपरे दिसावेत. चौकटीहि एका वेळीं एकच दिसावी. एम-सिक्समध्यें त्या जोडीजोडीनें दिसतात. २८ मिलिमीटरच्या भिंगाबरोबर ९० ची, ५० बरोबर ७५ ची. घाईच्या वेळीं नजर भलत्याच रेघेवर जाते. शिवाय या रेघा जवळच्या अंतरासाठीं आंखलेल्या असल्यामुळें दूरच्या देखाव्याचा रेघेबाहेरचा भागहि फिल्मवर येतो. अंतर बदलेल तशी चौकट लहानमोठी होईल अशी योजना कोणी केली, तर त्याचे उपकार होतील.

तिसरी मागणी शटरची. विजेचा घट संपला तरी शटर सर्व वेगांवर चालावें. घट लागावा तो केवळ उजेड मोजण्यापुरता. खेडोपाडीं फिरणाऱ्या माणसास घटाच्या शोधांत यात्रा सोडून जातां येत नाहीं. कापडी शटरचा आवाज मृदु असतो, पण आरसा नसल्यानें तें उघड्या भिंगामागें उभें असतें. वैशाखांतल्या उन्हांत कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला, तर भिंगांतून एकवटलेलें ऊन त्या कापडास भोंक पाडूं शकतें. धातूच्या पात्यांचें शटर या संकटांतून बरेंच वांचतें, आणि फ्लॅशच्या दिव्याबरोबर अधिक वेगानेंहि चालतें. एम-सिक्सला फ्लॅशसाठीं सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, तर बेसाला सव्वाशेवा भाग पुरे होई. मात्र त्याचा आवाज मोठा. कापडाची शांतता आणि धातूची टणकता एकत्र आणणें, हें कारागिराच्या कसोटीचें काम आहे.

चौथी मागणी फिल्म भरण्याची. लायकाच्या या परंपरेंत कॅमेऱ्याचें तळच काढून हातांत धरावें लागतें. जोतिबाच्या चैत्र यात्रेंत सासनकाठ्या नाचत आहेत, गुलालानें आकाश भरलें आहे, आणि आपण एका हातांत कॅमेरा, दुसऱ्या हातांत फिल्म आणि दांतांत तें झांकण धरून उभे आहोंत, हें दृश्य डोळ्यांसमोर आणावें! बिजागरीवर उघडणारी पाठ हा साधा उपाय बेसामध्यें होता. तो पुन्हां यावा.

आतां भिंगांविषयीं. जाहिरातींतून अंधारांत पाहणाऱ्या प्रचंड भिंगांचें फार कौतुक होतें. तीं मोठीं असतात, जड असतात, आणि दर्शक-खिडकीचा कोपराच झांकून टाकतात. आम्हांस हवीं तीं लहान भिंगें: एफ-दोन किंवा दोन पूर्णांक आठ एवढीं उघडणारीं, बोटाला सांपडेल असा कान असलेलीं, अंतराचे आंकडे ठळक कोरलेलीं. पुष्कळ रेंजफाइंडर भिंगें ०.७ मीटर, म्हणजे सुमारें सव्वादोन फुटांपेक्षां जवळ जुळत नाहींत. आईच्या मांडीवरील मुलाचा चेहरा किंवा चप्पल शिवणाऱ्या कारागिराचीं बोटें टिपावयाचीं, तर आणखी जवळ जावें लागतें. कांहीं नवीं भिंगें याहून जवळ येतात, पण तेथें रेंजफाइंडर त्यांची सोबत सोडतो. दोघांनीं शेवटपर्यंत बरोबर यावें.

भिंगाच्या जोडणीबाबत मात्र नवेपणा नको. १९५४ सालीं ठरलेल्या लायकाच्या जोडणीवर आज अनेक देशांतील कारखाने भिंगें करतात. त्यापूर्वींची आट्यांची भिंगें फिल्मपासून एक मिलिमीटर अधिक दूर बसत. म्हणून एक मिलिमीटर जाडीचें कडें घातलें कीं १९३० नंतरच्या दशकांतलें भिंगहि आजच्या कॅमेऱ्यावर चालतें. आजोबांचें भिंग नातवानें वापरावें, अशी सोय किती यंत्रांत राहिली आहे? ती मोडूं नये.

आमच्या हवेचाहि विचार व्हावा. येथील पावसाळ्यांत चार महिने पेटींत पडलेल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते, आणि वेळीं पुसली नाहीं तर ती कांचेवरील लेप खाऊन टाकते. म्हणून भिंग साध्या हत्यारांनीं उघडून पुसतां यावें, आणि धूळ व गुलाल आट्यांत शिरूं नये अशी त्याची बांधणी असावी.

येथेंच मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतों. रेंजफाइंडर हें नाजुक यंत्र आहे. एका धक्क्यानें त्याचीं दोन चित्रें जुळेनाशीं होतात. तें पुन्हां जुळविण्याचा स्क्रू सहज हातीं लागेल अशा जागीं असावा. दुरुस्तीचे नकाशे छापून मिळावेत, सुटे भाग विकत मिळावेत, आणि कॅमेरा समुद्रापार न पाठवितां गांवच्या कुशल कारागिरानें बरा करावा. जें यंत्र आपल्याला उघडतां येत नाहीं, त्याचे आपण मालक नसून भाडेकरी असतों.

हें अशक्य आहे असें कोणी म्हणेल, तर त्यास कोल्हापूरचाच दाखला आहे. परदेशी कॅमेरा सहज हातीं येण्यासारखा नव्हता त्या काळीं बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यांतील बंधु आनंदराव यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा घरीं घडविण्याचें मनांत घेतलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तें काम नेटानें पुढें नेलें आणि १९१८ सालीं कॅमेरा सिद्ध केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, मूकपट १९२० सालीं पडद्यावर आला, तो या उद्योगाचें फळ. तो कॅमेरा रेंजफाइंडर नव्हता हें खरें. पण ज्यांनीं तो केला त्यांस त्याचा प्रत्येक दांता ठाऊक होता, आणि म्हणून तो बिघडला तरी त्यांचें काम अडण्याचें कारण नव्हतें. आज राजारामपुरीच्या शेजारीं उद्यमनगरांत लेथ फिरत आहेत. नकाशे आणि माप हातीं द्या. तरफ आणि कडें करणारे हात येथें आहेत. भिंगाची कांच घासण्याची विद्या निराळी आणि दुर्मिळ आहे, तेवढी खुशाल बाहेरून यावी.

कारखानदाराचीहि एक बाजू आहे. तो म्हणेल, “तुम्ही नव्या कॅमेऱ्याची मागणी करतां आणि विकत घेतां जुना!” या आक्षेपांत तथ्य आहे. नुसत्या स्तुतीवर कोणताहि कारखाना चालत नाहीं. बेताच्या किंमतीचा, प्रामाणिक बांधणीचा कॅमेरा कोणी काढला, तर आम्हींहि चार वर्षें पैसे सांठवून तो नवाच घ्यावयास हवा, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या कसबाचा मोबदला घासाघीस न करतां द्यावयास हवा. त्याच्या दुकानांत एखादा मुलगा हाताखालीं शिकावयास राहिला, तरच पुढची पिढी उभी राहील.

श्रोत्यांस एकच विनंति. घरांत जुना कॅमेरा पडून असेल, तर पावसाळा सुरू होण्यापूर्वीं तो कातडी पेटींतून बाहेर काढावा, कोरड्या हवेशीर जागीं ठेवावा, महिन्यांतून एकदां शटर चालवून पाहावें. आणि घरांतल्या एखाद्या मुलास वा मुलीस त्याची जिज्ञासा वाटली, तर “हात लावूं नकोस” असें न म्हणतां तो तिच्या हातीं द्यावा. कारखाने मागणी पाहून निघतात, आणि मागणीचा आरंभ अशा जिज्ञासेंतूनच होतो.