पाण्याचा गुणधर्म आणि जंतूंचा विद्युत्‌भार
(वार्षिक सभेतील भाषण)

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर आले. अशा टंचाईत पाणी मिळाले यातच समाधान मानले जाते. ते कसे आहे, हा प्रश्न मागे पडतो आणि पुढे जुलाब, कावीळ, विषमज्वर या रूपाने रुग्णालयाच्या दारी येतो. त्या प्रश्नाचा एक पैलू आम्ही आपणांसमोर ठेवीत आहोत.

पिण्याच्या पाण्यात आढळणाऱ्या बहुतेक जीवाणूंच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असतो. पाण्याचा सामू व क्षार यांनुसार तो कमीअधिक होतो. मातीच्या सूक्ष्म कणांवरही असाच भार असल्याने ते सारे परस्परांना दूर लोटतात व तरंगत राहतात. म्हणूनच पावसाळ्यातील गोदावरीचे गढूळ पाणी नुसते ठेवून लवकर निवळत नाही. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धनभार या ऋणभाराचे निराकरण करतो. कण एकत्र येऊन तळाशी बसतात. घरोघरी रांजणात तुरटी फिरवीत, त्यामागील शास्त्र हेच. मात्र तुरटीने जंतू मरतातच असे नाही. बहुतांशी ते खाली बसतात. तेव्हा तळ न ढवळता वरचे पाणी काढून घ्यावे व त्यात क्लोरीन मिसळावे.

आपल्या काळ्या पाषाणातील विहिरी व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुष्कळ असते. हे धनभारित क्षार जंतूंचा ऋणभार झाकतात; त्यामुळे जंतू टाकीच्या भिंतीला सहज चिकटतात. तेथे धरणाऱ्या बुळबुळीत थरात क्लोरीन पुरेसे शिरत नाही. तो थर घासूनच काढावा लागतो.

क्लोरीनपासून पाण्यात होणारे हायपोक्लोरस आम्ल भाररहित असल्याने जंतूंच्या आवरणातून आत जाते. सामू वाढला की त्याचे ऋणभारित रूप होते आणि ते जंतूंपासून दूर लोटले जाते. सामू सुमारे ७.५ असता निम्मे आम्ल प्रभावी रूपात राहते, ८.५ असता जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून क्लोरीन घातल्यावर किमान अर्धा तास थांबावे. पाणी अधिक अल्कधर्मी असल्यास त्याहून जास्त. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे.

टाकीची स्वच्छता, सामूची तपासणी व अर्ध्या तासाचा धीर यांना खर्च थोडा लागतो. टँकर रिता होण्यापूर्वी ही खबरदारी प्रत्येक गावाने घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.