दोन मोटारी, एक हिशेब



मोटारींची तुलना निघाली की बोलणे वेगावर येते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हाला आधी सुचतो तो प्रश्न असा की, गाडी बंद पडली म्हणजे भुर्दंड कोणाला? याच मापाने आज अँबॅसॅडर आणि फियाट मोजून पाहू.

अँबॅसॅडर ही विलायतेच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७-५८ पासून मे २०१४ पर्यंत बनविली. फियाट ११०० मूळची इटलीची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याला बांधली. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले.

अँबॅसॅडरचे इंजिन बराच काळ १४८९ घनसेंटिमीटरचे, फियाटचे १०८९ चे. पण अँबॅसॅडर अंगाने जड. इंजिनाचा बराच जोर स्वतःचेच ओझे ओढण्यात जाई. फियाट हलकी, सुटसुटीत, पेट्रोल कमी पिणारी. थांबत-निघत चालणाऱ्या मुंबईच्या टॅक्सीला ती मानवली. उलट रस्ता खाचखळग्यांचा, आत माणसे दाटलेली आणि डिकीत बोजा, अशा वेळी अँबॅसॅडरनेच तोंड द्यावे. कलकत्त्याची टॅक्सी ती झाली.

देखभालीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी. वेळेवर ग्रीस द्या, पॉइंट घासून फट जुळवा, कार्बोरेटर साफ करा, टॅपेट लावा. हे सारे रस्त्याकडेचा फिटर चार पान्यांवर करी. यालाच लोक स्वस्त देखभाल म्हणत.

येथे आमचा आक्षेप आहे. दुरुस्ती स्वस्त होती, कारण फिटरची मजुरी स्वस्त होती. त्याचे नाव बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसे. मग प्रॉव्हिडंट फंड कुठला? टॅक्सीवाल्याची गाडी भाड्याची असली, तर अर्धा दिवस गॅरेजात गेला की अर्ध्या दिवसाची कमाई बुडाली. परवाना-पद्धतीत स्पर्धा थोडी आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले; मग गाडी सुधारण्याची निकड कोणाला? कारखान्यात न काढलेला दोष रस्त्यावर निघे, आणि त्याची किंमत तिथला माणूस भरी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा दोघींचे वय उघडे पडले. पुढे कारखाने बंद पडले तेव्हा कामगाराकडे बोट दाखविणे सोपे होते. पण गाडीचा आराखडा काही तो काढीत नव्हता.

ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा भरताच ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. त्या वीस वर्षांचे श्रेय जितके इंजिनाला, तितकेच फिटरच्या हातांना.

तेव्हा निवाडा असा: शहराला फियाट बरी, ओझ्याला अँबॅसॅडर. पण देखभालीच्या वहीत दोन रकमा न चुकता मांडा; चालकाचा बुडालेला रोज आणि फिटरची न्याय्य मजुरी. त्या मांडल्यावर जी गाडी परवडेल, तीच खरी स्वस्त.