पिवळा दिवा लागला तर

पापड-मसाले बाजारात न्यायला आमच्या गटाने जुनी व्हॅन घेतली. चौथ्याच दिवशी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. "ताई, पैसे बुडाले का हो?" बायका विचारू लागल्या.

एक मेकॅनिक म्हणाला, "दिवा घालवून देतो." पण दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावून कोड वाचला, वहीत लिहून घेतला. एका सिलिंडरचा स्पार्क प्लग खराब निघाला. तो बदलला, दिवा विझला.

लक्षात ठेवा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजला न्या. लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबवा. ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद करा.

जुनी गाडी घेताना चावी फिरवून बघा. हा दिवा आधी लागायला हवा, इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. लागतच नसेल, तर बिघाड लपवलेला असू शकतो. पैसे देण्याआधीच स्कॅनर लावा. मी लावला नव्हता. ती चूक बैठकीत कबूल केली. पैसा गटाचा आहे, विचारायला लाजू नका.