चिलखताचा रंग आणि आपली मजुरी

आज आपण दोन बोटांएवढ्या सैनिकांबद्दल बोलू या. दिवाळीत मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे, घोडेस्वार, तोफा मांडतात. आपल्याकडे हे कमी दिसतं, पण नाशिक, पुणे, मुंबईकडे गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात बागलाणातला साल्हेरही आहे. १६७२ साली तिथेच मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं.

हे मावळे रंगवायचं काम आमच्या गटातल्या दहाजणी करतात. आपलं नंदुरबार गणपतीच्या मूर्तींसाठी नावाजलेलं. इथल्या मूर्ती गुजरातेत, मध्य प्रदेशात जातात. आमच्यातल्या काहीजणींचा हात त्या मूर्तींवरच बसला. गणपतीचं काम उरकलं की दसऱ्यापर्यंत मावळे. याच दिवसांत ऊसतोडीची उचल घेऊन मुकादम दारात येतो. घरात आपले चार पैसे असले, तर उचल कमी घ्यावी लागते. म्हणून हे काम आम्हाला खेळ वाटत नाही.

आता काम कसं करायचं ते सांगतो. भाजलेल्या मातीचा बिनरंगी मावळा आधी कोरड्या ब्रशने झटकून घ्यायचा. धुळीवर रंग धरत नाही. मग पहिला हात, म्हणजे अस्तर. साध्या मावळ्याला पांढरं, चिलखतवाल्याला काळं. रंग पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक घ्या आणि दुधाइतका पातळ करा. जाड थर दिला की नाक-डोळे बुजतात. पातळ दोन हात चांगले. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पावसाळी हवेत वाळायला दुप्पट वेळ लागतो, तो धरूनच चला.

खरी कसोटी चिलखताची. ते लोखंडी कड्यांचं विणलेलं असतं. प्रत्येक कडी रंगवत बसलात तर दिवस जाईल. एक जुना, राठ झालेला ब्रश घ्या. त्यावर थोडा चंदेरी रंग घ्या आणि फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाका. उरलेल्या रंगाने काळ्या अंगावरून हलकेच फिरवा. उठावाला चंदेरी लागतो, खाचेत काळा राहतो आणि कड्या आपोआप दिसायला लागतात. शेवटी तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी सोडा. नवं कोरं पत्र्यासारखं चकाकणारं चिलखत मग वापरातलं वाटतं. डोळे सर्वांत शेवटी. एवढ्याशा तोंडावर पांढरं बुबुळ काढू नका, एक काळी रेघ पुरे.

आणखी एक. सगळ्यांनाच चिलखत घालू नका. चिलखत असायचं सरदाराच्या अंगावर. साधा मावळा अंगरखा, मुंडासं आणि ढाल-तलवारीनिशी लढायचा. चाळीसच्या संचात चार-पाच चिलखतवाले पुरेत. त्यांना वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांचा भावही वेगळा ठेवा.

भावाचं बोलू. एक व्यापारी आम्हाला म्हणाला, "रंगाचे कसले पैसे? ते तर तुम्ही बसल्या बसल्या करता." ताईंनो, असं वाटणारे घरातही असतात. पण जगात याच कामाला मान आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे. तिचा वॉरहॅमर ४०,००० हा खेळ १९८७ साली निघाला. टेबलावर मांडायचे छोटे सैनिक, अंगात भविष्यकाळातली जाडजूड चिलखतं. सैनिक बहुतेक बिनरंगीच विकले जातात, रंगवायचे घेणाऱ्याने. ज्यांना जमत नाही ते पैसे मोजून दुसऱ्याकडून रंगवून घेतात. रंगवण्याच्या स्पर्धाही भरतात. तिथेही काळ्यावर कोरडा चंदेरी ब्रश फिरवतात, आपल्यासारखाच.

मग आपला हिशोब कसा मांडायचा? उदाहरण घेऊ. ४० बिनरंगी मावळे, १२ रुपयांप्रमाणे ४८० रुपये. रंग, ब्रश, खोकी मिळून १२० रुपये. दोघींनी पाच-पाच तास काम केलं, म्हणजे १० तास. आठ तासांची मजुरी ३२० रुपये धरली, तर तासाला ४० रुपये, एकूण ४०० रुपये. सगळा खर्च १,००० रुपये. दोन मावळे फुटले, विकायला राहिले ३८. एक मावळा २० रुपयांना दिला, तर हातात आले ७६०. सामानाचे ६०० वजा केले की १६० उरतात आणि आपण म्हणतो, नफा झाला. नफा कुठला? दहा तासांचे १६० रुपये, म्हणजे तासाला १६ रुपये. २७ रुपयांखाली तो मावळा आपल्याला परवडतच नाही. त्याच्या वर मिळेल तो नफा.

वेळ वाचवायचा तर एकेक मावळा पुरा करू नका. एकीने सगळ्यांचे अंगरखे, दुसरीने मुंडाशी, तिसरीने चिलखतं. रंग वाया जात नाही आणि हातही बसतो.

दोन गोष्टी सांभाळा. ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करू नका. घरात पडलेला जुना ऑइलपेंट खेळण्यांना लावू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं असू नये, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दुसरं, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून रंगवणाऱ्या प्रत्येकीने कारागीर ओळखपत्राची चौकशी करा.

येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक नवा रकाना आखा: कोण किती तास बसली. मावळे नसतील, पापड असतील, गोधडी असेल, पत्रावळी असतील. तास लिहिलेत तर भाव सांगताना मान खाली घालावी लागणार नाही, आणि मुकादम आला की किती उचल घ्यायची ते तुम्ही ठरवाल.