डाळिंबाचं गोत्र
(नवी पेठ, सोलापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

सांगोला-मंगळवेढ्याकडचे बागायतदार समोर दिसताहेत, म्हणून डाळिंबाच्या कळीपासूनच सुरुवात करतो. बहार धरला की झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी फुगीर असलेली फळ धरतात, घंटेच्या आकाराची गळून पडतात. गळणारं फूल उभं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्यातली बीजांडं अर्ध्या वाटेवर वाढायची थांबलेली असतात. फळ धरलेल्या फुलात मात्र बीजांडाच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी रसानं फुगत जातात. आपण चवीनं खातो तो दाण्याचा रसाळ भाग म्हणजे बीजाचं आवरणच.

हे सगळं पाहणारं शास्त्र म्हणजे वनस्पतींचं भ्रूणविज्ञान. वेगवेगळ्या वयाच्या कळ्या मेणात बसवायच्या, त्यांचे साधारण दहा मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते रंगवायचे आणि एकामागून एक वाचायचे. डोळे शिणवणारं काम! १९३५-३६ साली ए. सी. जोशी आणि जे. वेंकटेश्वरलू यांनी मेंदी आणि ताम्हणाच्या जातकुळीतल्या झाडांवर ते केलं. पुढे पंचानन माहेश्वरींच्या १९५० च्या ग्रंथामुळे या विषयात भारताचं नाव जगभर झालं.

या शास्त्राचा एक मोठा उपयोग म्हणजे कोणती वनस्पती कोणाच्या नात्यातली, हे शोधणं. पण नाती शोधायला बीजांडच का? फुलाचा रंग, फळाचा आकार कीटक, पक्षी, पाणी यांच्या गरजेप्रमाणे बदलत राहतो. बंद अंडाशयात चालणाऱ्या पेशीविभाजनावर या गोष्टींचा दाब फारसा पोचत नाही. म्हणून तिथली रीत लाखो वर्षं टिकू शकते.

शिंगाड्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पूर्वी त्याला पाणलवंगेच्या कुलात धरत. दोन्ही पाणथळ जागेतल्या वनस्पती, फुलं चार-चार पाकळ्यांची. पण पाणलवंगेच्या कुलात भ्रूणकोश, म्हणजे बीजांडातली अंडपेशी असलेली पिशवी, चार केंद्रकांचा असतो आणि ती त्या कुलाची पक्की खूण आहे. शिंगाड्याचा निघाला आठ केंद्रकांचा. तेवढ्यावरून त्याला त्या घरातून बाहेर काढता आलं. मग तो कुणाचा, हे मात्र एकट्या भ्रूणकोशाला ठरवता येईना, कारण आठ केंद्रकांचा भ्रूणकोश बहुसंख्य सपुष्प वनस्पतींत आढळतो. वेगळेपणाची खूण बोलते, सर्वसाधारण खूण मुकी राहते. या शास्त्राची ही मर्यादा ध्यानात ठेवूनच त्याचा पुरावा वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

उत्तर पुढे डीएनएनं दिलं. शिंगाडा मेंदीच्या कुलात गेला. डाळिंबाला पूर्वी स्वतःचं वेगळं कुल होतं. तेही आता तिथेच आलं. सह्याद्रीतली धायटी, आपलं राज्यफूल ताम्हण आणि कोकणच्या खाडीतली चिप्पीसुद्धा याच घरातली. वाळूतली मेंदी, खारट चिखलातली चिप्पी आणि आपल्या माळावरचं डाळिंब! बाहेरून पाहून ही भावंडं कोण म्हणेल?

केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी तिथे जावं, डाळिंबाच्या गळणाऱ्या फुलाशेजारी मेंदीची आणि धायटीची कळी कापून पाहावी. बीजांडाची वाढ थांबते ती नेमकी कोणत्या टप्प्यावर, हे भावंडांशी ताडून पाहिलं तर बागायतदारालाही त्यातून काही हाती लागेल.